मामांना रेसकोर्स बघायचं होतं

कुवेतमध्ये घरातल्या मोठ्या बाईला 'मामा' म्हणतात. नोकरीच्या सुरुवातीला मी गावी फोन करून आईला सांगायचे, "आज मामांना अंघोळ घातली, मग जेवायला दिलं," तेव्हा ती गप्पच व्हायची. तिला वाटायचं, पोरीला कुणा म्हाताऱ्या पुरुषाची सेवा करायला ठेवलंय आणि पोरगी लाजेने नीट सांगत नाही. तिचा गैरसमज दूर व्हायला बरेच दिवस लागले.

मी नर्स. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातली, मराठी शाळेत शिकलेली. कुवेतला येऊन बावीस वर्षं झाली. आधी दवाखान्यात होते. पाठ साथ देईना म्हणून घरी जाऊन पेशंट सांभाळायचं काम धरलं आणि मग कळलं की यात पाठ जास्त जाते. नवरा इथेच अम्गऱ्यात एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करतो. रिग्गईत आमचा दोन खोल्यांचा संसार आहे, पण मी तिथे फक्त शुक्रवारी असते. बाकीचे सहा दिवस मामांच्या शेजारच्या खोलीत. मध्ये दार आहे, ते कधी लावायचं नाही.

मामांचं वय ऐंशीच्या पुढे. गुडघे गेलेले, हृदय कमजोर, साखर कधी वर तर कधी खाली. जीभ मात्र तेज. त्यांचे वडील खजुराच्या व्यापारासाठी मुंबईला जाऊन-येऊन असायचे, त्यामुळे मामांना मोडकी हिंदी येते. माझी अरबी तशीच मोडकी. दोन्ही मोडक्या जोडून आमचं चांगलं चालतं. त्या मला 'बिन्ती' म्हणतात, म्हणजे माझी मुलगी. पण चिडल्या की 'सिस्टर' म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या थोरल्या मुलाने त्यांना हृदयाच्या डॉक्टरला दाखवायला लंडनला नेलं. बरोबर मी. मुलाचं वय पंचावन्नच्या आसपास, स्वभावाने अबोल, आईची काळजी करणारा, आणि ती काळजी 'हे नको, ते नको' अशा शब्दांतच बोलून दाखवणारा. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. मामांना थंडी वाजायची, मला झोप लागायची नाही. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या बदलल्या आणि दगदग करायची नाही असं बजावलं. मला गावी जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. खिडकीतून परदेशातली झाडं बघताना मला एवढंच वाटायचं, विमानात बसायचंच होतं तर ते कोकणच्या बाजूला का नाही गेलं.

एका सकाळी त्यांच्या पायाला तेल लावत होते, तेव्हा मामा म्हणाल्या, "बिन्ती, इथून तासाभरावर घोड्यांची एक जागा आहे. मला ती बघायचीय."

मला वाटलं, तबेला असेल. मग त्यांनी सांगितलं. त्यांचा नवरा, अल्ला त्याच्यावर दया करो, दर उन्हाळ्यात इंग्लंडला यायचा. व्यापाराचं काम आठवड्यात संपायचं. पुढचे दीड-दोन महिने तो शर्यती बघत फिरायचा. लंडनच्या दक्षिणेला टेकडीवर एक फार जुनं रेसकोर्स आहे, राजे-राण्या येत आलेत तसलं. ते त्याचं सगळ्यात लाडकं. इकडे मामा कुवेतच्या उन्हात सात मुलं घेऊन. परत आला की दिवाणखान्यात पुरुषांना सांगायचा, तिथलं गवत गादीसारखं, तिथली हवा अशी, तिथले घोडे तसे. मामा आतल्या खोलीतून ऐकायच्या. त्यांना तो कधी घेऊन आला नाही. त्यांनीही कधी म्हटलं नाही की मला ने.

"मग आता कशाला मामा?" मी विचारलं.

"आता तो नाही ना. आता कुणाला विचारायला नको."

"तुमच्या मुलाला तरी विचारायला हवं."

"त्याला विचारलंस तर तो नको म्हणेल. सिस्टर, मी तुला विचारतेय."

मी नाही म्हणायला हवं होतं. डॉक्टरांचे शब्द मी स्वतः ऐकले होते. पण खरं सांगायचं तर नाही म्हणायलाही ताकद लागते, आणि ती माझ्यात उरली नव्हती. एकीकडे मलाही त्या फ्लॅटचा कंटाळा आला होता. बुधवारी मुलगा कामासाठी दिवसभर बाहेर जाणार होता. त्याने ठरवून दिलेला ड्रायव्हर पंजाबी म्हातारा होता. त्याला मी म्हटलं, "पाजी, मामांना जरा मोकळी हवा हवीय." तो म्हणाला, "हवा खाण्यासाठीच तर देवाने जन्म दिलाय," आणि आम्ही निघालो.

त्या दिवशी तिथे शर्यती होत्या, पण मोठ्या नव्हत्या. गर्दी बेताचीच. टेकडीवर वारा असा की मामांचा काळा पायघोळ अबाया फुगायला लागला. मी एका हाताने तो धरला, दुसऱ्या हाताने व्हीलचेअर ढकलली. गवत खरंच गादीसारखं होतं, आणि गादीवर चाकं चालत नाहीत. दहा पावलांत माझी पाठ बोलायला लागली. फाटकाशी मदतीला उभा असलेला एक पांढऱ्या केसांचा गोरा म्हातारा धावत आला. त्याने न विचारता एक बाजू धरली आणि आम्हाला पांढऱ्या कठड्यापर्यंत नेलं, शर्यत संपते तिथून थोडं अलीकडे.

मामांनी चहूकडे पाहिलं. मागे उंच स्टँड, त्यात टोपी घातलेल्या बायका, हातात ग्लास घेतलेले पुरुष. पुढे हिरवी उतरण, तिच्यावरून वळत खाली येणारी घोड्यांची वाट, आणि फार लांब धुरकट दिसणारं लंडन.

"महाल कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कसला महाल?"

"मला वाटायचं, महाल असेल. कारंजी असतील."

मी म्हटलं, "हेच आहे, मामा."

त्यांनी पुन्हा एकदा स्टँडकडे वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "या माणसाला विचार, इथे अरब यायचे का?"

मी इंग्रजीत विचारलं. म्हातारा म्हणाला, पुष्कळ यायचे, अजूनही येतात. श्रीमंत मालक लोक वर बसतात. पण काहीजण खाली कठड्याशीच उभे राहायचे, एकेकटे, दिवसभर, कुणाशी न बोलता. घोड्यांचं वेड असलेली माणसं तशीच असतात, अरब असोत की आमची, असं तो म्हणाला आणि हसला. त्याने हात दाखवला, तिकडे खरंच तसे चार-पाचजण होते. म्हातारे, टोप्या ओढून घेतलेले, हातात शर्यतीचा घडी केलेला छापील कागद. एकमेकांपासून अंतर राखून, रिकाम्या गवताकडे बघत उभे.

मी हे सगळं मामांना सांगितलं. मामा त्या माणसांकडे एकटक बघत राहिल्या.

मग शर्यत सुरू झाली. सुरुवात आम्हाला दिसलीच नाही, लाउडस्पीकरवर कोणीतरी भराभर बोलायला लागलं एवढंच. पलीकडच्या टेकडीवर रंगीत ठिपके सरकताना दिसले. ते वळले, उतरणीला लागले, मोठे झाले. मामांनी माझं मनगट पकडलं, "उभं कर मला, उभं कर." मी काखेत हात घालून त्यांना उचललं. त्यांनी कठडा धरला. पायाखालची जमीन थरथरली, मातीची ढेकळं उडाली, घोड्यांचा श्वास ऐकू आला, आणि सगळे निघून गेले. मागे एकच करडा घोडा राहिला होता, मान खाली घालून धावत होता.

"थकला बिचारा," मामा म्हणाल्या.

मी त्यांना परत खुर्चीत बसवलं. नाडी बघितली, जोरात होती. पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "संपलं?"

"ही संपली. अजून आहेत."

"एवढंच असतं?"

"एवढंच असतं, मामा."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्या अर्ध्या हिंदीत, अर्ध्या अरबीत बोलल्या, वाऱ्यात मला वाकून ऐकावं लागलं. "मला वाटायचं, इथे त्याची कुणी बाई असेल. इतकी वर्षं मी मनात तिचा चेहरा तयार करत होते. केस असे, डोळे असे. मुलं झोपली की मी तिच्याशी भांडायचे. तो गेल्यावरसुद्धा भांडायचे." त्यांनी हातातला रुमाल घडी केला, उलगडला. "इथे तर नुसते घोडे आहेत."

"मग बरंच झालं ना," मी म्हटलं.

"नाही बिन्ती. बाई असती तर बरं झालं असतं. बाईसाठी माणूस घर सोडतो, हे मला समजतं. हे काय आहे? हा इथे उभा राहायचा. एकटा. आणि याच्यासाठी त्याला आम्ही नको होतो."

माझ्या डोक्यात आलं ते वेगळंच. शुक्रवारी मी रिग्गईला घरी जाते, तेव्हा नवरा कपडे धुऊन, भात टाकून बसलेला असतो. मी जेवते आणि झोपते. संध्याकाळी उठते तेव्हा परत निघायची वेळ झालेली असते. मीही त्याला काही सांगत नाही की सहा दिवस कुठे असते, काय करते. तोही विचारत नाही. मी तर पोटासाठी जाते, कठड्याशी उभी राहायला नाही. तरीसुद्धा त्या वेळी मला त्या टोपीवाल्या म्हाताऱ्यांकडे बघवेना.

आम्ही अजून दोन शर्यती बघितल्या. मामांना निघायचं नव्हतं आणि मला खुर्ची ढकलायची नव्हती. गाडीत बसल्याबरोबर त्या झोपल्या, तोंड उघडं टाकून. पाजी आरशातून बघून म्हणाला, "खुश झाल्या वाटतं." मी हो म्हटलं.

त्या रात्री त्यांच्या पायांना सूज आली, सकाळी ताप. डॉक्टर आले. मुलाने मला विचारलं, "कुठे नेलं होतंस?" मी म्हटलं, "जवळच्या बागेत. वारा लागला असेल." इतक्या वर्षांच्या नोकरीत पेशंटच्या घरच्यांशी मी कधी खोटं बोलले नव्हते. तो औषधं आणायला खाली गेला. ताप चार दिवसांनी उतरला आणि आठवड्याने आम्ही कुवेतला परतलो.

ते खोटं मला पचलं नाही. शुक्रवारी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू नेलंस कशाला? त्यांना काही झालं असतं तर?"

"तुम्हाला कळणार नाही," मी म्हटलं.

"सांगितलंस तर कळेल."

मग मी सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. सांगता सांगता मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची अजान झाली. तो मध्ये एकदाही उठला नाही. शेवटी म्हणाला, "त्या मुलाला खरं सांगून टाक. काढलंच कामावरून, तर आपण दोघं गावी जाऊन येऊ."

मी सांगण्याआधीच त्याला ते कळलं. दोन दिवसांनी दवाखान्यात जायचं होतं म्हणून मुलगा आईच्या पर्समध्ये तिचा बताका, म्हणजे सिव्हिल आयडी शोधत होता. त्यात त्याला शर्यतीचा छापील कागद सापडला. मामांनी तो ठेवून घेतलाय हे मलाही माहीत नव्हतं. तो कागद घेऊन तो स्वयंपाकघरात आला. मी गोळ्या वाटीत काढत होते.

"ही ती बाग का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "हो सर. चूक माझी आहे. त्यांचं काही नाही."

मी पुढच्या वाक्याची वाट बघत उभी राहिले. विमानतळ, बॅगा, गावी दारात उभी आई, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं, आणि खरं सांगते, भीतीबरोबर थोडी सुटकाही वाटली. तो मात्र खुर्ची ओढून बसला. त्या घरात इतक्या वर्षांत तो स्वयंपाकघरात बसलेला मी पाहिला नव्हता.

"तो कुठे उभा राहायचा?" त्याने विचारलं. "माझा बाप. तिथल्या लोकांनी काही सांगितलं का?"

मी त्याला कठड्याचं सांगितलं, उतरणीचं सांगितलं, त्या एकेकट्या म्हाताऱ्यांचं सांगितलं. बाईचं सांगितलं नाही. ते मामांचं होतं.

तो म्हणाला, "मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा त्याने मला न्यायचं कबूल केलं होतं. मी बॅग भरली होती." त्याने कागदाची घडी सरळ केली, तो उठला आणि आईच्या खोलीत गेला. थोड्या वेळाने आतून दोघांच्या बोलण्याचा आवाज यायला लागला. काय बोलत होते ते मी ऐकायला गेले नाही. बाहेरचं ऊन अजून उतरलं नव्हतं, एसीची घरघर चालू होती. दुपारच्या गोळ्यांची वेळ उलटून गेली होती. मी गॅसवर चहाचं आधण ठेवलं आणि खूप दिवसांनी खाली बसून चहा प्यायले.