विमलबाईंनी हात केला

नागोठण्याहून रोह्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच विमलबाई म्हात्र्यांचं शेत. भात काढलं की त्याच जमिनीत वाल. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा सुशील रोह्याला कंपनीत, सून दिपिका घरी शिवणकाम करते. विमलबाई मुलखाच्या अबोल. बाजारात गेल्या तरी भाव सोडून दुसरं काही बोलायच्या नाहीत. अशा बाईला दिवाळीनंतर ही सवय कशी लागली, ते त्यांनाही सांगता येत नाही.

दिवाळीला लेक प्रतिक्षा आली होती, तिची छोटी सावनीही. परत जाताना फाट्यावर एसटीची वाट बघत असताना सावनी आजीच्या कडेवरून येईल त्या गाडीला टाटा करत होती. ट्रकला, टेम्पोला, सगळ्यांना. आजीचाही हात धरून हलवत होती. मग त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी विमलबाई वालातलं गवत काढत असताना एसटी गेली आणि त्यांचा हात आपोआप वर झाला. खिडकीतून कुणीतरी हात हलवला. विमलबाई लाजून खाली बघू लागल्या. पण पुढची गाडी आली, तेव्हा हात पुन्हा वर गेला.

"आई, लोक काय म्हणतील? ना ओळख ना पाळख," दिपिका म्हणायची.

"मी कुठं काय बोलते गो त्यांना?"

जानेवारीत एका सकाळी शेंगांची पिशवी घेऊन घरी जाताना विमलबाई रस्ता ओलांडायला फाट्यावर थांबल्या होत्या. पेणहून रोह्याला जाणारी एसटी आली. सवयीने हात वर झाला. गाडी करकचून ब्रेक मारून थांबली.

"चढा लवकर," कंडक्टर म्हणाला.

"मला नाय यायचं."

"मग हात कशाला केलात, मावशी?"

विमलबाई एक पाऊल मागे सरकल्या. तेवढ्यात खिडकीतली एक बाई उठली आणि पर्स सांभाळत घाईघाईने खाली उतरली. कंडक्टरने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि घंटी मारली.

उतरलेली बाई पन्नाशीची, चष्मेवाली, नीटनेटक्या साडीतली. ती हसली. विमलबाईही हसल्या. ही कोण?

"किती दिवसांनी!" ती म्हणाली.

"व्हय, लय दिवसांनी," विमलबाई म्हणाल्या. आता एवढी आपल्यासाठी उतरली म्हटल्यावर फाट्यावरून परत कसं पाठवायचं? "चला ना घरी. जवळच हाय."

वाटेत दोघी जपून बोलत होत्या.

"घरी सगळे बरे?"

"बरे आहेत. तुमच्याकडे?"

"चाललंय."

"मुलगा काय करतो आता?"

"कंपनीत हाय. तुमचा?"

"माझा पुण्याला."

विमलबाई मनात शोधत होत्या. पुतण्याच्या, जित्याच्या लग्नात भेटली का? सुनेच्या माहेरची? दवाखान्यातली नर्स? कुठेच पत्ता लागेना. आणि आता विचारणंही बरं दिसेना.

घरी दिपिकाने चहा आणला आणि सरळ विचारलं, "आई, या कोण?"

विमलबाईंनी पाहुणीकडे पाहिलं. पाहुणीने कपात पाहिलं.

"तुम्हीच सांगा," विमलबाई म्हणाल्या.

"नाही, तुम्ही सांगा ना." पाहुणी लाल झाली. "खरं सांगू? मला आठवतच नाहीये. मी अनिता करंदीकर. पेणला शाळेत शिकवते. मला वाटलं, तुम्ही एखाद्या मुलाची आई असाल. एवढ्या ओळखीनं हात केलात, गाडी थांबवलीत. तसंच बसून राहणं मला बरं वाटेना."

"मी तर सगळ्यांनाच करते," विमलबाई बारीक आवाजात म्हणाल्या.

दिपिकाने ओढणी तोंडाशी नेली. करंदीकर बाई मात्र हसल्या नाहीत. रोह्याला मैत्रिणीच्या घरचा साखरपुडा होता, त्याला आता उशीर होणार होता.

"म्हणजे तो हात मला नव्हताच?"

"तुम्हाला पण होता की!" विमलबाई गडबडल्या. "गाडीत तुम्ही पण होता ना?"

बाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "पण का करता, मावशी? समोरचा कोण, कुठला, काही माहीत नसताना?"

"गाडीतला माणूस बघतो आपल्याकडं. बघून न बघितल्यासारखं कसं करायचं?" बोलून झाल्यावर आपलं म्हणणं विमलबाईंनाच पटलं नाही. "तसं पण नसंल. मला नाय माहीत, बाई."

पुढच्या गाडीने करंदीकर बाई गेल्या. जाताना त्यांच्या हातात विमलबाईंनी शेंगांची पिशवी कोंबली. बाईंनी घेतली, पण त्या रागावल्या होत्या की नाही, ते कळलं नाही.

मार्चमध्ये दिपिका सासूला डोळे दाखवायला पेणला घेऊन गेली. डॉक्टरांनी थेंब घातले होते, सगळं धूसर दिसत होतं. बाजारातून स्टँडकडे चालताना विमलबाईंना रस्त्यापलीकडे तो चष्मा, तशीच साडी दिसली. त्यांनी हात केला. पलीकडची बाई थबकली. क्षणभर बघत राहिली. मग मोकळं हसून तिने हात हलवला आणि गर्दीत निघून गेली.

"दिपिके, करंदीकर बाई होत्या ना गो त्या?"

"मी पाठच बघितली. तुम्हाला ओळखलं का त्यांनी?"

"हात तर केला."

"ओळखून केला की असाच?"

विमलबाई डोळे चोळत रस्त्यापलीकडे बघत राहिल्या. ओळखून केला असेल तर बाई थांबल्या का नाहीत? आणि ओळखलं नसेल, तर एवढ्या मोकळ्या हसल्या कशा?

"चला आई, गाडी सुटेल," दिपिका म्हणाली.