झोपेत मागे पडणारी जीभ

कुरखेड्याजवळच्या एका शाळेत मी मुख्याध्यापक. बोलणं हाच माझा धंदा. गडचिरोलीच्या एका सभेत शिक्षणाधिकारी साहेब 'विद्यार्थ्यांना वर्गात जागं कसं ठेवावं' यावर बोलत होते आणि मी पहिल्या रांगेत घोरत होतो. शेजारच्या गुरुजींनी कोपर मारलं, तसा दचकून मी टाळ्या वाजवल्या. मागच्यांना वाटलं भाषण संपलं. त्यांनीही वाजवल्या, अगदी मनापासून.

बायकोने हे ऐकलं आणि मला नागपूरला नेलं. साहेबांच्या अपमानाचं तिला काही नव्हतं. ती डॉक्टरांना म्हणाली, "झोपीत यायचा श्वासच बंद होते. मले मोजत बसा लागते. मंग हे म्हशीवानी फुसकारते."

अंगभर वायरी लावून माझी झोप तपासली. डॉक्टर म्हणाले, "झोपेत जीभ ढिली पडून मागे घशात जाते. हवेची वाट बंद होते."

"दिवसभर तं थकत नाई ते जीभ!" बायको म्हणाली.

आधी नाकावर लावायचं हवेचं यंत्र मिळालं. ते लावून मी धानावर फवारणीला निघाल्यासारखा दिसे. वर्षभर झटलो, पण सकाळी मुखवटा खाटेखालीच सापडे. शेवटी ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी कागदावर जिभेची नस काढून दाखवली. तिच्या काही फांद्या जीभ पुढे काढतात, काही मागे ओढतात. मला आमचं शिक्षण खातंच आठवलं. पुढे काढणाऱ्या तेवढ्या फांद्या हेरून त्यांना तार लावायची, छातीत कातडीखाली छोटं यंत्र बसवायचं. झोपेत ते नसेला हलका झटका देणार, की जीभ पुढे आणि वाट मोकळी.

"माझं बोलणं गेलं तर?" मी विचारलं.

"सहसा जात नाही," डॉक्टर म्हणाले. बायकोचा चेहरा किंचित पडल्यासारखा वाटला.

ऑपरेशननंतर काही दिवस जीभ एका बाजूला वळायची. 'शिस्त' म्हणायला गेलो की थुंकी उडायची. "सर, तुमी बोलूच नका, आराम करा," असं सहकारी इतक्या मायेने म्हणत की मला संशय आला. महिन्याभराने यंत्र सुरू करायला गेलो. डॉक्टरांनी करंट वाढवला आणि माझी जीभ आपोआप दातांबाहेर येऊन त्यांच्याकडे बघू लागली. याच गुन्ह्यासाठी मी कितीतरी पोरांना वर्गाबाहेर उभं केलं होतं.

घरी आल्यावर पहिले काही दिवस बायकोच जागी. "काई आवाजच नाई येत. तुमी जित्ते हात का, पाहून राह्यली होती," ती म्हणाली.

मग एका रविवारी ऊन अंगणात आलं तरी ती उठलीच नाही. मीच दारात उभा राहून तिचा श्वास मोजला. किती वर्षांची झोप तिच्या अंगात साचली होती, ते मला तेव्हा कळलं. चहा मी केला. साखर विसरलो. तिने तो तसाच संपवला आणि परत पांघरूण ओढलं.