नातीची पावलं आणि सगळ्यांची भिंत

आज सकाळी सगळ्यांत आधी आले ते आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी अण्णा. मला वाटलं, नात बघायलाच आले, म्हणून मी आपली पेढा घेऊन पुढे.

तर झालं असं बायांनो, काल बाळ दवाखान्यातून घरी आलं. लेक घरात आली की कुंकवाची पावलं उमटवायची, म्हणून मी बाळाची उंबऱ्यापाशी उमटवली. इतकी गोड दिसली की लिफ्टजवळच्या नव्या रंगाच्या भिंतीवरही उमटवली!

अण्णा म्हणाले, "अज्जी, ती भिंत सगळ्यांची आहे. मुद्दाम खराब करणं गुन्हा आहे. दंड होतो, जेलसुद्धा होऊ शकते."

म्हटलं, "अण्णा, पण पावलं तर तिची आहेत. मग जेलात कोण जाणार?"

तेवढ्यात त्यांची बायको अक्का आली नि भिंतीसमोर फतकल मारून बसली. "अय्यो, एवढुशी बोटं! अहो, हे पुसायचं नाही हं."

"अगं, कायदा आहे!"

"सरी, बरं, मग कायद्यालाही पेढा द्या."

मुलगा म्हणतो, आई, पुसून टाक. ओला बोळा घेऊन गेले, पण हात चालेना. सगळ्यांची भिंत म्हणजे स्वल्प माझीपण ना? तुम्हीच सांगा, पुसू की ठेवू?

रविवारी दोघं परत येणार आहेत. अण्णा रंगाचा डबा घेऊन, अक्का बाळंतविडा घेऊन.