नकार न ऐकणारा माणूस

शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या मित्राइतका निर्लज्ज माणूस ठाण्यापासून आंबिवलीपर्यंत झाला नाही आणि होणार नाही. परवा आमच्या डोंबिवलीच्या शाळेने त्याचा सत्कार केला. यशस्वी उद्योजक म्हणे. वक्त्यांनी दूरदृष्टी, जिद्द, शिस्त असे त्याचे एकेक गुण सांगितले आणि मी खाली बसून संतापत होतो. दूरदृष्टी कसली? याला दुसऱ्या बाकावरून फळा दिसत नसे, दहावीपर्यंत सगळं माझ्या वहीतून उतरवलं याने. शिस्तीचं तर बोलायलाच नको, स्वतःच्या लग्नाला हा तासभर उशिरा पोचला होता.

याच्याकडे गुण एकच, आणि तो म्हणजे भीड नसणं. याचा धंदा खुर्च्यांच्या पायांना लावायच्या रबरी टोप्यांचा. त्यामुळे खुर्ची दिसली की हा वाकलाच. कल्याणच्या एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी हा नवऱ्यामुलाच्या आजोबांच्या खुर्चीशी वाकला. आजोबांना वाटलं, पाया पडतोय. त्यांनी तोंडभर आशीर्वाद दिला. माझ्या वडिलांच्या तेराव्याला आला, फोटोला नमस्कार केला, माझा हात हातात धरला आणि हळूच विचारलं, "खुर्च्या कोणाकडनं मागवल्यास रे?" मी सांगितलं, ही माझी चूक.

तो खुर्चीवाला माजिवड्याचा. त्याने याला साफ नकार दिला. हा पुढच्या मंगळवारी पुन्हा हजर, मग त्याच्या पुढच्या. पाच-सहा महिने हेच. नकार ऐकायचा, वर त्याचाच चहा प्यायचा आणि "येतो मंगळवारी" म्हणून निघायचं. शेवटी कंटाळून त्या बिचाऱ्याने ऑर्डर दिली. मी म्हटलं, "अरे, लाज नाही वाटत?" तर म्हणे, "नाही म्हणाला म्हणजे आज नाही म्हणाला. उद्याचं कुठे काय बोललाय तो?" भीड भिकेची बहीण, हे आपण नुसतं म्हणतो. या माणसाने त्यावर कारखाना उभा केला.

पण माझा खरा राग वेगळाच आहे, सांगून टाकतो. कारखाना काढण्याआधी तो माझ्याकडे आला होता. "भागीदार हो, दोघं मिळून करू." माझी सरकारी नोकरी नवीन होती, मी नाही म्हणालो. मग आठवडाभर त्याची वाट पाहिली. पुन्हा विचारलं तर हो म्हणायचं, असं मनाशी जवळजवळ ठरवलंही होतं. तो आला, क्रिकेटवर बोलला आणि गेला. नंतर कधी विषयच काढला नाही. अख्ख्या जगाचा नकार न ऐकणाऱ्याने माझा तेवढा पहिल्या झटक्यात ऐकला.

सत्कार संपल्यावर खांद्यावरच्या शालीसकट तो माझ्या शेजारी येऊन बसला. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी विचारलं, "मला परत का नाही रे विचारलंस?"

तो शालीच्या गोंड्यांशी चाळा करू लागला. "तू भिडेखातर हो म्हणाला असतास," तो म्हणाला. "आणि धंदा बुडाला असता, तर तुझ्या घरी कुठल्या तोंडाने आलो असतो?"

याला भीड वाटावी असा जगात एकच माणूस असावा आणि तो नेमका मी असावा, याचा राग अजून गेलेला नाही. तरी त्या संध्याकाळी सभागृह रिकामं होईपर्यंत आम्ही दोघं तसेच शेजारी बसून राहिलो.