आधी कोनफळ, मग लेकरू

उळवीच्या जत्रेच्या दिवसांत रामनगरचा स्टँड गाड्यांनी आणि माणसांनी भरून गेलेला असतो. अशा गर्दीतून वाट काढत माझ्या माहेराकडून येणाऱ्या गुंदच्या गाडीचा कंडक्टर शाळेच्या फाटकाशी आला, तेव्हा मला वाटलं, आईनं काहीतरी पाठवलं असेल. आमच्या डोंगरातला निरोप, भाजी आणि औषधं अजून कंडक्टरच्याच हाती फिरतात. त्यानं हातातली तिकिटांची पेटी काखेत धरली आणि म्हणाला, “बाई, शेवंताक्का गेली. पहाटं. झोपेतच.” मला आठवा महिना चालू होता. पोटुशी बाई सुतकाच्या घरी जात नाही, सासूबाई मला जाऊ देणार नाहीत हे ठाऊक होतं, म्हणून मी वर्गात परत जाऊन दुसरीच्या मुलांना पाढे म्हणायला लावले. मुलं पाढे म्हणत होती आणि मला ऐकू येत होता तो शेवंताक्काचा आवाज... ओढ्यापलीकडून हाक मारली तरी अलीकडच्या म्हशी मान वर करायच्या, असा.

शेवंताक्का आमच्या गावची अंगणवाडीची बाई. माहेर खानापूरकडचं, सातवी पास, आणि लग्न करून आमच्या जंगलातल्या गावात आली तेव्हा गावात तिच्याइतकं शिकलेली दुसरी बाई नव्हती. तिचा नवरा नारायणमामा लाकडाच्या डेपोत कामाला, अंगानं काटकुळा आणि बोलायला त्याहून कमी. अक्का मात्र चांगली भरभक्कम होती. जाड आहेस असं कोणी चेष्टेत म्हटलं तरी तिला झोंबायचं. एकदा कुणाच्या तरी लग्नात एका बाईनं “अक्काक दोन पाट लागतील” म्हटलं, तर ती न जेवता उठून आली आणि घरी येऊन दोघांचं जेवली. तिला गाता अजिबात यायचं नाही, तरी मुलांना गाणी तीच शिकवायची. आमच्या गावची एक अख्खी पिढी त्यामुळे बेसूर आहे, आणि मीही त्यातलीच.

सरकारनं गावाला अंगणवाडी दिली तेव्हा मी शाळेच्या वयाची होते, पण शाळेत नव्हते. माझ्या कडेवर धाकटा भाऊ बाबू होता. आई-बाबा भाताच्या कामाला नाहीतर जंगलखात्याच्या मजुरीला जायचे, आणि धाकट्याला सांभाळायचं काम घरातल्या मोठ्या मुलीचं, हे इतकं ठरलेलं होतं की त्याबद्दल कोणी बोलतसुद्धा नसे. माझी एक बाजू बाबूच्या वजनानं कललेली असायची. शाळेच्या खिडकीशी मी त्याला घेऊन उभी राहायची, तो रडला की गुरुजी हात हलवायचे आणि मी निघायची. एके दिवशी अक्का आमच्या अंगणात आली आणि आईला काही न विचारता बाबूला माझ्या कडेवरून उचलून तिनं आपल्या कडेवर घेतलं. “ह्यो माझ्याकडं. ही शाळंत. संध्याकाळी दोघास्नी घेऊन जा,” एवढंच म्हणाली. आई म्हणाली, “आणि खायाक?” अक्का म्हणाली, “सरकार देतंय की उप्पीट!” ते उप्पीट मुलं आधी थुंकून टाकायची. मग अक्का त्यात आपल्या घरचा गूळ आणि खोबरं घालू लागली, तेव्हा कुठं ते पोटात जाऊ लागलं.

उप्पीट जमलं, पण वजन काही जमेना. दर महिन्याला मुलांना काट्याला टांगलेल्या झोळीत बसवून तोलायचं आणि भरलेला आकडा सांगायचा, हा सरकारी नियम. आमच्याकडे लेकराला तोललं की त्याला दृष्ट लागते. आया मुलांना पदराखाली घेऊन पळायच्या. अक्कानं नियमाबद्दल भाषण केलं नाही, कारण दृष्टीवर तिचाही पुरता विश्वास होता. तिनं घरातून एक मोठं कोनफळ आणलं. आमच्या बोलीत त्या कंदाला नुसतं कोन म्हणतात. आमच्या डोंगरात कोनफळं अशी पोसतात की एक काढलं तर घरभर पुरतं. ते तिनं आधी झोळीत घातलं, काटा बघितला आणि गावभर ऐकू जाईल असा आकडा ओरडली. “बघा गं, कोन बघा! काय भरलाय, काय भरलाय!” सगळ्यांची नजर कोनफळाकडे गेली की मग हळूच लेकरू झोळीत. त्याचा आकडा मात्र ती कुजबुजत आईच्या कानात सांगायची. काम संपलं की कोनफळ उकडून सगळे मिळून खात, म्हणजे दृष्टही पोटात गेली. आया हसत हसत रांग लावू लागल्या.

शिमगा झाला की आमचा गाव काही मंगळवार देवीचा ‘वार’ पाळतो. त्या दिवशी गावाच्या शिवेत चूल पेटवायची नाही, कोणी घरात थांबायचं नाही. माणसं, कुत्री, कोंबड्यांची खुराडीसुद्धा घेऊन सगळा गाव शिवेबाहेरच्या फणसाखाली जातो, तिथंच रांधतो, तिथंच जेवतो आणि दिवस मावळल्यावर परततो. अशाच एका मंगळवारी अंगणवाडीची तपासणी करणाऱ्या मॅडम आल्या. बाई घाटावरच्या, कोरड्या मुलखातल्या, कानडी बोलणाऱ्या, नोकरीला नव्या. त्यांना वाराचं काय माहीत! अंगणवाडी बंद, चूल थंड, गावात चिटपाखरू नाही. त्या उन्हात पाय आपटत उभ्या राहिल्या आणि परतीच्या गाडीत कंडक्टरला सांगून गेल्या, की पुढच्या मंगळवारी परत येईन, तेव्हाही मुलं दिसली नाहीत तर हे केंद्र दुसऱ्या गावाला देऊन टाकीन.

निरोप ऐकून आईनं माझ्याकडे बघितलं. मला कळलं. अंगणवाडी गेली की बाबू परत माझ्या कडेवर. मी तेव्हा नुकती जोडाक्षरं वाचायला लागले होते...

अक्का बुधवंतांकडे गेली. बुधवंत म्हणजे गावातला मानाचा वडीलधारा, देवाधर्माचा शब्द त्याचा. ते म्हणाले, “वार मोडूक येयत न्हाई, शेवंते. सरकारसाठी बी न्हाई.” अक्का म्हणाली, “मोडूक कोण सांगतंय? माझी पाटी तेवढी शिवंच्या भायेर नेऊ द्या.” पाटी नेण्याबद्दल देवीचं काही म्हणणं नव्हतं, त्यामुळे बुधवंतांचंही नव्हतं. मंगळवारी अक्कानं अंगणवाडीची पाटी फणसाच्या बुंध्याला टांगली, काटा फांदीला अडकवला, उप्पिटाचा टोप तीन दगडांवर चढवला आणि स्वतः रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. ती उभी राहिली की गाडीला जायला जागाच उरत नसे. मॅडम खिडकीतून ओरडल्या, “मक्कळू यल्ली?” मुलं कुठं आहेत? अक्कानं नुसता हात केला. फणसाखाली गावातलं एकूण एक लेकरू होतं, आणि मॅडमनी कुठल्याच केंद्रावर कधी पाहिल्या नसतील इतक्या आयाही होत्या, कारण इतर दिवशी आया कामावर असतात. मॅडम उतरल्या. त्यांचा चेहरा बघून माझ्या जिवात जीव आला.

पण त्या दिवशी अक्काची गडबड उडालेली होती. एक डोळा मॅडमकडे, एक उप्पिटाकडे. त्या घाईत तिनं कोनफळ बाजूलाच ठेवलं, बाबूला झोळीत घातलं आणि सवयीनं, होता नव्हता तेवढा आवाज काढून, बाबूचंच वजन ओरडली. “बघा गं, बघा! काय भरलाय!” सगळ्या गावानं बाबूकडे बघितलं. मग आई धावली, बाबूला ओढून घेतलं आणि रांगेतल्या बाकीच्या आयाही लेकरं घेऊन मागं सरकल्या. मॅडमना वाटलं, झोळी तुटली. त्यांनी अक्काला काय काय विचारलं, पण ती रिकामी झोळी हातात धरून उभीच राहिली. मी तिला तशी आधी कधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. जाताना मॅडम म्हणाल्या, “मुंदिन मंगळवार बर्तीनी.” पुढच्या मंगळवारी येते, लस टोचणाऱ्या नर्सला घेऊन. आणि इकडे आईनं सांगून टाकलं, “बाबूक आता धाडणार न्हाई. दृष्ट उतरूस्तवर तर न्हाईच.” बाकीच्यांनीही मुलं पाठवणं बंद केलं. आठवडाभर अंगणवाडीत अक्का एकटी बसलेली दिसायची आणि मी बाबूला घेऊन शाळेच्या खिडकीशी. मी लहान होते, तरी मला अक्काचा राग आला नाही. मला तिची दया यायची, आणि माझीही.

पुढचा मंगळवार आला. मॅडम आणि नर्स फणसाखाली येऊन बसल्या, पण एकही आई मूल घेऊन पुढं होईना. तेवढ्यात नारायणमामा आणि आणखी दोघं भात तोलायचा मोठा तराजू खांद्यावरून घेऊन आले आणि त्यांनी तो जाड फांदीला टांगला. अक्कानं पदर खोचला, एका पारड्यात जाऊन बसली आणि म्हणाली, “घाला वजनं.” पुरुष वजनं घालत गेले. वजनं संपली, तेव्हा वरवंटा घातला, मग भाताचं पोतं आणलं. ज्या बाईला दोन पाटांची चेष्टा सोसली नव्हती, ती सगळ्या गावासमोर, सरकारी माणसांसमोर, त्या पारड्यात डोळे मिटून बसून राहिली. पारडं उचललं गेलं तसा तिनं स्वतःच वरवंट्यापोत्यासकट आकडा ओरडून सांगितला. “बघा, सगळ्यांनी बघून घ्या! बाबूवरची सगळी दृष्ट हिकडं घाला. हितं जागा मस हाय!” आधी कोणीतरी फिस्सकन हसलं. मग आई हसली. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं, आणि बसल्या बसल्याच तिनं बाबूला अक्काच्या मांडीवर ठेवलं. मॅडमना सगळं समजलं असं नाही, पण डोळे पुसत हसत त्याही होत्या. त्या दिवशी लस चुकली असं एकही लेकरू राहिलं नाही. पुढं वाराच्या दिवसांत मॅडम ठरवून मंगळवारीच येऊ लागल्या आणि फणसाखाली पानावर जेवू लागल्या. केंद्र हलवण्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले, ती थेट शिक्षिका होऊनच थांबले. बाबूही शिकला, चांगला उंचापुरा झाला. त्याचं काही वाकडं झालं नाही, याचं श्रेय अक्का शेवटपर्यंत स्वतःच्या वजनाला द्यायची. मुलांसाठी सरकारनं काय काय योजना केल्या ते मी आता परिपत्रकांत वाचते, मुलांना समजावूनही सांगते. चांगल्याच आहेत त्या. पण माझ्यापर्यंत योजना आली ती पदर खोचून, आणि माझ्या कडेवरचं ओझं तिनं आपल्या कडेवर घेतलं, हे मला कुठल्याही परिपत्रकापेक्षा नीट कळतं.

शिमग्यानंतर मला मुलगी झाली. बारशाच्या आदल्या दिवशी नारायणमामा गुंदच्या गाडीनं आले. अंगानं आणखी वाळलेले, हातात कापडी पिशवी. पिशवीत मातीनं माखलेलं एक कोनफळ होतं. यंदा काढणी झाली तेव्हाच अक्कानं ते माझ्यासाठी बाजूला ठेवलं होतं. मामांनी पिशवीची घडी घातली. मग म्हणाले, “तुका सांगूक सांगितलंय तिनं. आधी कोन तोल, मगे पोर. उलटं करू नको म्हणाली, माझ्यावानी.” मी हसले आणि हसता हसता रडायला लागले, कारण आता माझी चूक झाली तर पारड्यात बसायला अक्का नाही.

दवाखान्यातून काटा मागून आणला, माजघराच्या तुळईला टांगला. मामांनी झोळीत कोनफळ ठेवलं आणि मी आकडा ओरडले. मामा म्हणाले, “आणि मोठ्यानं. तिचा आवाज काय असा हुता?” मग मी अशी ओरडले की शेजारच्या बायका दारात आल्या. त्यानंतर लेकरू झोळीत ठेवलं. तिचं वजन किती भरलं ते मात्र मी इथं लिहिणार नाही. कोनफळ साडेचार किलो भरलं. सगळ्यांनी बघून घ्यावं.