चांदणीच्या कानाचा तुकडा

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी राजापेठेतल्या क्लासमध्ये बारावीच्या मुलांना शिकवत होते. “हो का?” म्हणून फोन ठेवला आणि फळ्यावरची आकृती पूर्ण केली. रडू आलं नाही. महिना झाला, अजून आलेलं नाही. शोकसभेत जो तो सरांच्या गोड बोलण्याचं कौतुक करत होता. त्याच गोड बोलण्याचा मला आजही संताप येतो, आणि माणूस गेला म्हणून तो गिळणं मला जमणार नाही.

अकोल्यात त्यांच्या हाताखाली मी सहा वर्षं काढली. काम म्हशीच्या क्लोनिंगचं. कानाच्या कातडीतल्या पेशीचं केंद्रक घ्यायचं आणि आधीच रिकाम्या केलेल्या बीजांडात घालायचं. कुठली जनुकं चालू ठेवायची, कुठली बंद, याच्या खुणा त्या केंद्रकावर पक्क्या बसलेल्या असतात. बीजांडानं त्या पुसल्या तरच नवा जीव पहिल्यापासून घडतो. आमच्याकडे त्या पुरत्या पुसल्याच जात नव्हत्या. गर्भ आठ पेशींपर्यंत यायचा आणि थांबायचा... दर वेळी. मी वही दाखवली, तर सर हसून म्हणाले, “थांबलेले काय मोजत बसलीस? पुढचे लाव.”

कान होता चांदणीचा; त्याचा तुकडा आम्ही टाकीत गोठवून ठेवला होता. भुरी पूर्णाथडी म्हैस, मालकीण जमीलाखाला, घरोघर दूध घालणारी. त्या वर्षी पावसानं दगा दिला, कडबा मिळेना, गावोगावची जनावरं बाजारात उभी राहिली. खालाच्या दारीही व्यापारी येऊन गेला. ती थेट प्रयोगशाळेत आली.

“साहेब, इकू का नोको?”

“इका बिनधास्त!” सर म्हणाले. “चांदणी आमच्या टाकीत जपून ठेवली हाय. दोन सालात तिचीच वगार तुमच्या दावणीले बांधतो.”

खाला माझ्याकडे वळली. “पोरी, तू सांग.”

माझ्या प्रबंधावर सरांची सही व्हायची होती. मी म्हटलं, “हो, खाला.”

चांदणी विकली गेली. वगार काही जन्मली नाही. खाला वर्षभर विचारायला यायची, सर तिला चहा पाजून नवी तारीख द्यायचे. मग ती यायची थांबली. माझ्या प्रबंधावर सही झाली, पण त्यातलं थांबलेल्या गर्भांचं प्रकरण सरांनी गाळायला लावलं. मी ते गाळलं.

शोकसभेनंतर मी अकोल्याला खालाकडे गेले. आता दावणीला दोन शेळ्या आहेत. सगळं सांगितलं. सर खोटं बोलले, त्यांनीच तुमची म्हैस घालवली, असं तावातावानं बोलत राहिले. ती शांतपणे ऐकत होती.

“साहेब फेकून राहिले होते, हे तवाच दिसत होतं मले,” ती म्हणाली. “म्हणून तर तुले इचारलं.”

तिनं चहा दिला, तो मी प्यायले.

चांदणीच्या कानाचा तुकडा अजून प्रयोगशाळेतल्या टाकीत आहे. टाकीतला द्रव नायट्रोजन उडून जातो, म्हणून कुणीतरी तो नेमानं भरत असतं. नळीवरची चिठ्ठी माझ्या अक्षरात आहे.