खोकल्यात आवाज आहे ना

आमच्या वहिनीचा आवाज सगळ्या स्टँडला पाठ होता. काचेच्या केबिनमध्ये बसून ती माइकचं बटण दाबायची आणि कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगायची. केबिनला लागूनच माझा चहाचा स्टॉल. तोंडाची मी फटकळ, म्हणून सगळे मला 'तिखट' म्हणतात. म्हणोत बापडे, चहा तर गोडच पितात.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात नवे साहेब आले. त्यांनी फर्मान काढलं, 'गाडीला उशीर आहे' असं बोलायचंच नाही. गाडी कुठेही अडकलेली असो, 'थोड्याच वेळात येत आहे' म्हणायचं. त्याने प्रवासी शांत राहतात म्हणे! शांत कसले? वाट बघून कंटाळले की तेच प्रवासी वहिनीच्या काचेवर मुठी आपटायचे, नको नको ते बोलायचे. साहेब वरच्या मजल्यावर पंख्याखाली आणि शिव्या हिच्या वाट्याला.

वहिनी घरी येऊन ताटावर नुसती बसायची. पोटात आग पडायची, झोप उडालेली. मग एका सकाळी तिने बटण दाबलं, तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. आवाज गायब! गुळण्या झाल्या, वाफारे झाले, ढिम्म फरक नाही. चहा हवा असला की ती काचेवर टकटक करायची आणि मी कप नेऊन द्यायचे.

घशाच्या डॉक्टरबाईंनी नळी घालून पाहिलं. म्हणाल्या, "घसा आतून एकदम ठणठणीत आहे."

"म्हणजे नाटक करतेय?" दादा पटकन बोलून गेला. दादा म्हणजे माझा भाऊ, स्टँडच्या फाटकाशी पंक्चर काढतो. टायरमधली हवा कुठून जाते ते याला कळतं, बायकोचं काही कळत नाही. असा राग आला मला!

पण मी तोंड उघडायच्या आत डॉक्टरबाईच म्हणाल्या, "नाटक नाही. आजार अगदी खरा आहे. परीक्षेच्या आधी तुमच्या पोटात मुरडा यायचा ना? तो काय तुम्ही ठरवून आणायचात? मनावर ताण साचला की शरीरात कुठेतरी बाहेर पडतो. यांचा गळा धरलाय त्याने." मग वहिनीकडे वळून म्हणाल्या, "जरा खोका बघू."

वहिनी खोकली. चांगली खणखणीत!

"खोकल्यात आवाज आहे ना? मग तो गेलेला नाही, अडकलाय. आधी खोका, खोकल्याला जोडून 'हं' म्हणा, 'हं'ला जोडून शब्द. आणि गळा कशाने आवळला, तेही बघा."

झालं, घरात खोकणं सुरू. शेजारीण विचारते, "काही साथबिथ आलीये का?" हळूहळू 'हं' आला, एखाददुसरा शब्दही आला. पण केबिनमध्ये पाऊल टाकलं की पुन्हा हवाच. इकडे साहेबांनी बोलणारं यंत्र आणून बसवलं. "महिनाअखेरपर्यंत बोललात तर ठीक, नाहीतर ही खुर्ची सोडावी लागेल." वहिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या खुर्चीत तिचा जीव होता हो!

महिना संपत आला होता. दुपारची गाडी नदीच्या पुलाजवळ बंद पडली. दुसरी यायला दोन तास तरी हवेत. यंत्राचं आपलं चालूच, 'थोड्याच वेळात येत आहे.' फलाटावर एक म्हातारी भर उन्हात उभी, कडेवर तापाने फणफणलेली नात. मी म्हटलं, "आजी, सावलीत बसा, पाणी प्या."

"नको गं बाई, गाडी येतेय म्हणतात. चुकायची."

वहिनी काचेतून बघत होती. तिने यंत्राची वायर खसकन उपटली आणि बटण दाबलं. आधी खोकली, अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशी. मग नुसतंच 'हं...' लोक माना वर करून बघायला लागले. माझा हात किटलीवर तसाच राहिला. बोल गं माझे बाई, बोल!

"हं... गाडी बंद पडली आहे." आवाज चिरका, पण तिचाच. "दोन तास येणार नाही. सगळ्यांनी सावलीत बसा. नातीला कडेवर घेतलेल्या आजी, समोर दवाखाना आहे, पोरीला दाखवून या. तुम्हाला घेतल्याशिवाय गाडी सुटणार नाही. हे मी सांगतेय!"

कुणी काचेवर मूठ आपटली नाही. आजी दवाखान्याकडे गेली, बाकीचे पिशव्या उचलून सावलीला, आणि माझं दूध बघता बघता संपलं. साहेब जिन्यावरून धाडधाड उतरले, बघतात तर काय, भांडायला कुणीच नाही! आल्या पावली परत वर गेले. दुसऱ्या दिवशी ते फर्मानही गेलं आणि यंत्रही. पण त्या दुपारी फाटकाशी दादा हातात टायर घेऊन डोळे पुसत होता. नाटक म्हणणाराच रडत होता.

एक कप मी बाजूला झाकून ठेवला होता. टकटकीची वाट बघत उभी राहिले. टकटक काही आली नाही. भोंग्यातून आवाज आला, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा:

"अहो तिखट वन्सं, माझा चहा कुठे आहे?"